नारळी पुनवेचा बॅकप

...आनि वर मलाच सांगतो, "आजे, आरडू नको, बॅकप हाय ना!" तुमी सांगा, आरडू नको तर काय ओवाळू त्याला?

मी धवलारीन. आमच्या थळात हळद लागायची तर धवले, म्हंजे लग्नाची गानी, गायला आधी मला बोलावनं. लिवता येत न्हाय, पन मांडव पडल्यापासून वरात दारी येईस्तो समदं तोंडपाठ! नात प्रणालीचं लगीन झालं माघात, तवा नातू सुजित म्हनाला, "आजे, तुझा आवाज बसत चाललाय, तू गा, मी सर्व्हरवर भरून ठेवतो." सर्व्हर म्हंजे पावाच्या लादीएवढं खोकं! त्यात म्हने डेटाबेस. भर मांडवात गायले हो! घसा फाटेस्तो गायले! आता तो आवाज माझ्यापाशी न्हाय, त्या खोक्यातच होता... होता!

काल सुजित बसला काळ्या पडद्यासमोर. चित्र न्हाय, काय न्हाय, नुसत्या मुंग्यांच्या रांगा. "धवल्यांची दुसरी प्रत काढून ठेवतो, बॅकप." बरं बाबा, काढ! तेवढ्यात बंदरावरनं काळूराम नाखवा वरडला, "सुजिऽऽत, होडी लागली रं!" झालं! ह्याचं ध्यान म्हावऱ्यात. वरच्या बानाचं बटन दाबलं की मागं लिवलेली ओळ परत येते म्हने, ती आली, न वाचता एंटर मारला नि पळाला मेला!

ओळ कुठली? बॅकप घ्यायची न्हाय, परत भरायची! लग्नाआधी खोकं बिघडलेलं तवाची! नि हा शाना बॅकपला सनांची नावं देतो, त्यातला भरला नारळी पुनवेचा! तवा प्रणालीचं लगीन ठरलं तरी होतं का? जुनं नव्यावर ओतलं, माझे धवले गेले, उरली काय, तर ह्याची डीजेची गानी!

"आजे, बॅकप हाय ना!"

"मग आन माघातला!"

मुंडी खाली. "आजे... तोच तर घेत होतो."

अगं बाई! वर म्हनतो, "परत गा ना, बसल्या बसल्या." बसल्या बसल्या? धवला काय रेडिओ हाय? मांडव नको? अंगाला हळद लागलेलं मानूस नको समोर? बिगरलग्नाचा धवला मी उभ्या जन्मात गायले न्हाय!

मग आता लगीन कुनाचं? घरात बिनलग्नाचा राहिलाय कोन? हाच! आवाज पुरता जायच्या आत ह्याला उजवायला पायजे. उद्या पेनला पोरगी बघायला चाललेय. काळी असू दे, गोरी असू दे... फकस्त एंटर मारायच्या आधी वाचनारी पायजे.