तिघऱ्याच्या धरणावरचा मुजरा

आणि वर म्हणे, पाठ फिरवायची नाही! अहो, कुणाला? वावटळीला? तुम्हाला सांगते, सुलोचनाबाईंच्या जागी दुसरी कुणी असती ना, तर नवऱ्याला तिथंच धरणाच्या काठावर सोडून टांग्यात बसली असती आणि सरळ कंपू मोहल्ल्यात घरी आली असती... पण बसतेय कुठली! कुंकवाचा धनी ना तो!

हे त्यांचे यजमान जगदेवराव म्हणजे जुन्या दरबारचे शिलेदार. संस्थान विलीन झालं, मध्य भारत प्रांत झाला, दसऱ्याला महाराजांच्या हत्तीमागं चालायला यांना कुणी बोलवेना, तरी पगडी काही उतरत नाही! श्रावणात बायको न् लेकीला घेऊन तिघऱ्याच्या धरणावर सहलीला गेले, तर डोक्यावर काय? पगडी! पुरणपोळ्या खायला पगडी कशाला लागते हो?

तर पहिला घास घेताहेत तोच समोर काळ्या ढगातून सोंड लोंबायला लागली! खाली पाणी गरगरतंय, तुषार उडताहेत, नावाडी नाव टाकून पळत सुटला, "भागो माई! इंदर राजा का हाथी पानी पी रहा है!" झालं! हत्ती म्हटल्याबरोबर हे उठले, पगडी सावरली आणि कमरेत वाकून मुजरा!

लेक दुर्गा शाळेत भूगोल शिकवते, ती ओरडतेय, "बाबा, हत्ती नाहीये तो, जलस्तंभ आहे! ढगाखालची हवा फिरतेय नुसती. बाजूला सरकत नाहीये, जागच्या जागी मोठा दिसतोय ना, म्हणजे सीधा आपल्याकडेच येतोय! त्याच्या वाटेतून आडवं पळा, ती धरणावरची चौकी पक्की आहे, चला!" आणि हे? "राजाच्या हत्तीला आमच्या सात पिढ्यांनी पाठ दाखवली नाही." अहो, पण सात पिढ्यांच्या अंगावर झाडं पडत नव्हती ना! बाभळीच्या फांद्या मोडताहेत, डबा गडगडत गेला, सुलोचनाबाई बाही धरून ओढताहेत, रडताहेत, आज मी विधवा होणार म्हणताहेत... पण पाठ फिरवायची नाही!

मग मात्र संताप बघावा! ज्या बाईनं जन्मात नवऱ्यापुढं आवाज चढवला नाही, ती कडाडली, "अहो, एवढे दरबारी ना तुम्ही? मग सवारी येत असताना वाटेत उभं राहतात का? बाजूला व्हा! वाट द्या!"

जगदेवराव चपापले. "अरे, हो की! वाट अडवली आम्ही." आणि निघाले... तोंड पाण्याकडे, हात मुजऱ्याला, खेकड्यासारखे आडवे! धावतील? छे, अदब! शेवटी मायलेकींनी दोन बाजूंनी धरून फरफटत चौकीत नेलं, दार लावलं, आणि ते मघाशी उभे होते तिथूनच तो राक्षस गेला. पगडी तेवढी घेऊन गेला.

आता घाबरावं ना माणसानं? सुलोचनाबाई देवाचा धावा करताहेत आणि हे खूश! "नजराणा स्वीकारला! कोण म्हणतो दरबार उठला?" तेव्हापासून आकाशात ढग दिसला की नवी पगडी बांधून निघाले तिघऱ्याला. बाईंनी एकच अट घातलीय, मुजरा करायचा तो चौकीत, दार लावून. तेही ऐकतात, दाराकडं तोंड करून वाकतात... पाठ फिरवायची नाही ना!

आणि सुलोचनाबाई? बसल्यात पुरण वाटत. एक पोळी जास्तीची लाटायची असते म्हणे, मागच्या खेपेला सरकारांचा हत्ती उपाशी गेला!