मुका 'के'

(अड्याळ. सायकल दुरुस्तीचं दुकान. दुपार.)

— त्या स्टुलावर नोका बसू सर, त्याचा पाय हालते. इकडं सावलीत या. पवनीवरून एवढ्या उन्हाचे कायले आले जी? फोन केला असता.

— फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. सातवीचा वर्ग आठवतो का तुला? इंग्रजीचा तास?

— आठवते ना. उभं राहून वाचाले लावलं तुमी. चाकूचा शब्द आला, मी म्हणलो, 'क्नाइफ'.

— आणि मग?

— पयले छडी मारली. मंग म्हणले, के मुका असते गाढवा, नाइफ म्हण. अन पोट्ट्याईले सांगतलं, आजपासून याले कनाइफच म्हणा.

— गंमत म्हणून बोललो होतो.

— गावानं खरंच मानलं, सर. आठवीत मी गेलोच नाही. आता कोणी विचारलं, पंक्चर कुठं काढते, तं कनाइफकडं. बायकोले लगनाच्या मांडवातच समजलं.

— हाच किस्सा मी रिटायर होईपर्यंत प्रत्येक वर्गाला सांगितला. पोरं खूप हसायची. दोन महिन्यांपूर्वी नातीला सांगितला, रुचिकाला. नागपूरला इंग्रजीत एम.ए. करते. ती हसली नाही.

— काहून?

— म्हणाली, आजोबा, जुन्या काळी इंग्रज लोक तो के खरंच म्हणायचे. मग त्यांच्या जिभेवरून उतरला, लिहिण्यात तेवढा राहिला.

— म्हणजे माही चूक नव्हती?

— चूक एवढीच, की तू पाचशे वर्षं उशिरा जन्मला. पाहा, अजूनही मी गंमतच करतो. ही वही घे. महिनाभर बसून असे के-एनचे जुने शब्द काढले. नोल म्हणजे टेकाड. नेल म्हणजे कोणी गेलं की वाजवतात ती घंटा.

— के लावून वाचा ना.

— क्नोल. क्नेल.

— अन हा खालचा?

— क्नेव्ह. आधी अर्थ होता नुसता पोरगा. लोकांनी म्हणता म्हणता त्याचा लुच्चा करून टाकला.

— लोकाईचं तसंच असते.

— लोकांचं सोड. मी चुकलो. माझ्यामुळं तुझी शाळा सुटली. माफी मागायला आलो.

— तवा तुमाले हे माहीत असतं, तं मारलं नसतं काय?

— मारलंच असतं. परीक्षेत के मुकाच लागायचा. पण ते नाव ठेवलं नसतं.

— छडीचं काही नाही जी. छडी घरीबी बसे. एक सांगा, दुकान सापडलं कसं?

— बसस्टँडवर विचारलं.

— काय म्हणून?

— कनाइफचं दुकान.

— माहं नाव काय आहे, सर?

— थांब जरा. हजेरीत भैय्यालालच्या नंतर यायचं. रोज पुकारत होतो मी. नाही रे. महिनाभर आठवून राहिलो. नाही आठवत मले.

— द्या ती वही इकडं. पेन आहे? हां. हे घ्या, हेमराज. जसं लिवलं, तसंच म्हणा.