माझ्याच अक्षरातली यादी

न्हाई न्हाई, त्या खाटेवर नका बसू हावगेप्पा साहेब, तिचा एक पाय माझ्यासारखाच आहे — नुसता दिसायला उभा. इथं सतरंजीवर या. हां. काढा तुमचा शाळाखात्याचा कागद. ‘उमेदवाराचं चालचलन कसं आहे’ — असंच विचारलंय ना? आमच्या वेळी ह्यालाच उर्दूत नेकचलनी म्हणायचे. मलाही आधी अहलकार म्हणायचे, मग कारकून म्हणायला लागले, पगार तेवढा तोच राहिला. तर लिहा — चालचलन उत्तम. झालं. चहा ठेवायला सांगू?

एवढ्यानं भागत न्हाई? ‘उमेदवारास किती वर्षांपासून व कोणत्या नात्यानं ओळखता’ — व्हय, तेही विचारणारच. विचारावंच. बिदरहून धूळ खात आलात, दोन शब्दांत कसं परत पाठवू. लिहा — लाडलेसाब वल्द कासीमसाब पिंजारी, वय बावीस, मराठीची परीक्षा पास, संतपूरच्या शाळेत मास्तरकीसाठी अर्ज. बाप लहानपणीच गेला, आई चांदबी कापूस पिंजून गाद्या भरते. आणि नातं? नातं... मी उस्ताद होतो त्याचा. शाळेतला न्हाई. मशिदीतला. पगाराविना.

आता मौलवी मी न्हाई, हे माझी दाढी बघूनच कळलं असेल तुम्हाला. पण सत्तेचाळीस साली एकदा असरच्या, म्हणजे दिवस कलल्यावरच्या नमाजेनंतर मशिदीच्या मागं गेलो, तर सात पोरं एकच बिडी फिरवून ओढायलीत. तेरा-चौदा-पंधरा वर्षांची. आवाज फुटलेला, मिसरूड फुटायलेलं, आणि ऐट तालुकदाराची. माझ्या डोक्यात आलं, ह्याच वयात वळण लागलं तर लागलं — नमाज-रोजा घरचे शिकवतात, पण अखलाक कोण शिकवणार? अखलाक म्हणजे — माणसानं माणसाशी कसं वागावं ते. मग रोज असर ते मगरिब, दिवस बुडेपर्यंत, हौदाच्या कडेला, माझा वर्ग. आठवड्याला एक सवय. एका आठवड्यात राग. राग आला तर उभं असेल त्यानं बसावं, बसून न्हाई गेला तर आडवं व्हावं, असं आमच्यात सांगितलंय. तर दोघं भर बाजारात केळीवाल्याच्या गाड्यापुढं भांडले आणि दोघंही चटकन आडवे झाले! लोकांना वाटलं, फेफरं आलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी जोडा. दुसऱ्या आठवड्यात सलाम — वडीलधारं माणूस कुठल्याही जातीचं असो, आधी आपण हात जोडायचे. आमचे मडिवाळप्पा अण्णा आहेत ना, भुसार दुकानवाले — त्यांना रोज सकाळी रांगेनं सात नमस्कार व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेरूच्या झाडाखाली माणूस बसवला राखणीला.

हसा, हसा. मीसुद्धा हसायचो. छाती फुगायची माझी. कचेरीत साहेब विचारायचे, तुमची फौज काय म्हणतेय?

मग खरं बोलण्याचा आठवडा. प्रत्येकानं रोज संध्याकाळी सांगायचं, आज कोणतं खोटं बोललो. एकजण म्हणला, आज एकपण न्हाई — तर बाकीचे सहा ओरडले, हेच की रे आजचं! राहिला लाडले. विचारलं तर म्हणला, “उस्ताद, भाकर एकच होती. मी आईला सांगितलं, मी जेवलो. हे खोटं झालं का?” हावगेप्पा साहेब, चौतीस वर्षं कचेरीत कुठलाही अर्ज आला तरी शेरा मारायला मला पळभर लागत नसे. त्या दिवशी म्हणलो, किताबात बघून सांगतो. अजून बघायलोच आहे.

ते घ्या पाणी. — पुढचा रकाना? वाचला मी तो मघाशीच, उलटा. कारकुनाला उलटं वाचता येतंच. ‘उमेदवारास कधी अटक झाली होती काय, असल्यास कारण.’ हा रकाना कोरा ठेवला तर? चालत न्हाई. म्हणजे कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. आणि कारण समाधानकारक नसलं तर अर्ज बाजूला, व्हय ना? समजलं. म्हणूनच तुम्ही मडिवाळप्पांकडं न जाता माझ्याकडं आलात — ते काय, पोराचं भलंच सांगणार. मी कचेरीतला, मी कागदाचं सांगणार.

सांगतो. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. वरून एक बडे साहेब दौऱ्यावर यायचे होते. त्यांना दाखवायला मैदानात पोरांची कवायत पाहिजे होती — कुणाची, कशाची, ते तुम्हाला माहीत आहे, त्या वर्षी एकच कवायत चालायची, रझाकारांची. आमच्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, तुमची पोरं तर आधीच रांगेत उभी राहतात. एवढंच. हुकूम न्हाई, कागद न्हाई. मी न्हाई म्हणू शकलो असतो? शकलो असतो. बदली झाली असती फार तर. मी संध्याकाळी वर्गात सांगितलं — शुक्रवारी, जुम्याला मैदानात जायचं, सरळ उभं राहायचं, शिस्तही अखलाकच आहे. अखलाक! हाच शब्द वापरला मी. काठ्या नव्हत्या म्हणून पोरांनी खांद्याला तुराट्या लावल्या, तुरीच्या वाळक्या काटक्या, शेळी हाकलायच्या. आणि मी? माझं त्या जुम्याला पोट दुखायलं होतं. घरी पडून राहिलो. पण पोट दुखत असलं म्हणून काम थोडंच राहतं — साहेबांना अहवाल पाहिजे होता, तर रात्री उठून यादी मी केली. सात नावं, बापाचं नाव, वय, मोहल्ला. सुंदर, गोल अक्षर. माझं अक्षर सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतं. फक्त खाली सही केली न्हाई. बघा, तेव्हाच काहीतरी कळलं असणार मला.

सप्टेंबरात राज्य पालटलं. दिवाळीच्या आगेमागे चौकशी करणारे आले, बाहेरचे, उर्दू कुणाला येत न्हाई. दफ्तर उघडलं, ती यादी सापडली. वाचणार कोण? ‘इथला जुना कारकून कोण आहे?’ मला बोलावलं. आणि माझ्या हातात माझीच यादी दिली — वाचा.

वाचली मी. मोठ्यानं. अडखळत वाचली, परक्याचं अक्षर लागत नसल्यासारखी. सात पोरं समोर उभी, रांगेत — मीच शिकवलेल्या. माझ्या पाट्या गिरवून त्यांनी अलीफ-बे शिकलेलं, त्यांना ते अक्षर लांबून ओळखू यावं. अधिकारी म्हणले, कुणी लिहिलंय हे? मी म्हणलो, सांगता येत न्हाई साहेब. मग पोरांना विचारलं, गेला होता का? सहाजण म्हणले, न्हाई, आम्ही न्हाई. घरून पढवून आणलं होतं आणि शहाणपणाच केला, सोडून दिलं त्यांना. लाडले म्हणला, “गेलो होतो. एक दिवस. तुराटी घेऊन.” कुणी पाठवलं? गप. परत विचारलं, कुणी पाठवलं? गप. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई त्यानं — बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, म्हणून. पंधरा वर्षांचं पोरगं हे एवढं सगळं त्या घटकेला मनात आणतं आणि जमिनीकडं बघत राहतं. आणि मग ते अधिकारी माझ्याकडं वळले. तुम्ही इथलेच ना, हा पोरगा कसा आहे?

म्हणजे तुमचाच प्रश्न, हावगेप्पा साहेब. चालचलन कसं आहे. तेव्हाही हेच विचारलं होतं. आणि मी म्हणलो — मशिदीत पुष्कळ पोरं येतात, माझी ह्याच्याशी ओळख न्हाई.

लिहू नका अजून. ऐका आधी. त्याला बिदरच्या कोठडीत नेलं. दुसऱ्या दिवशी चांदबी आली, अंगावर कापसाचे तंतू तसेच. चार ओळी लिहून द्या म्हणत होती, की पोरगा चांगला आहे. मी आतून कळवलं, नमाज पढायलेत. ती उंबऱ्याशी बसली. मी पढत राहिलो. आयुष्यात इतकी लांब नमाज मी पुन्हा पढलो न्हाई. कुठल्या खात्यावर जमा झाली असेल, अल्लालाच माहीत. अंधार पडायच्या आत ती उठून मडिवाळप्पांकडं गेली. ते गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तीनदा बिदरला गेले बैलगाडीनं, साहेबांना सांगितलं, ‘हा पोरगा मला रोज नमस्कार करतो, मी ह्याच्यापायी पेरूला राखण बसवली होती, एक पेरू गेला न्हाई.’ हा दाखला! तरी सुटायला आठ महिने लागले. मी नोकरीत राहिलो. पेन्शन घेतो. दर महिन्याला, वेळेवर.

आणि तो परत आला तो नेमका शब-ए-बरातीच्या आदल्या दिवशी. आमच्यात त्या दिवसांत एकमेकांच्या घरी जाऊन माफी मागतात. माणसाचा केलेला गुन्हा माणसानंच माफ करावा लागतो, तिथं वरून सूट न्हाई — हेसुद्धा मीच शिकवलेलं, एक पूर्ण आठवडा. डोकं भादरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. दारात बघितला आणि मला वाटलं, आलं आता. आता हा माझ्या तोंडावर बोलणार. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बोलला असता तर बरंच झालं असतं. तर तो खाली बसला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणला, “उस्ताद, आठ महिने मेरे दिल में तुमारे बारे में बुरा था. माफ कर देव.”

आणि मी काय म्हणलो असेन?

‘माफ किया’ म्हणलो.

व्हय. मी त्याला माफ केलं. मोठ्या मनानं. वर चण्याच्या डाळीचा हलवा दिला, आणि तो खाईपर्यंत शेजारी बसून, तब्येत सांभाळ वगैरे म्हणलो.

सहा वर्षं झाली. त्या कोठडीत कुणाकडून तरी मराठी अक्षरं शिकून आला, म्हणून आज तुमच्या शाळेला चालायलाय. रोज असरच्या आधी इथं येतो, माझं पाणी भरतो, मला हाताला धरून मशिदीत नेतो — डोळे गेलेत म्हणून न्हाई, गुडघे गेलेत म्हणून. रोज वाटतं, आज म्हणीन. अलीकडच्या खांबापाशी म्हणीन. मग वाटतं, हौदापाशी म्हणीन. सहा वर्षांत हौद काही आला न्हाई.

आता लिहा. त्या रकान्यात लिहा — अटक झाली होती. कारण, खरं बोलला. आणि पुढं लिहा, त्याला व इतर सहाजणांना मैदानात पाठवणारा इसम मी. यादीचं अक्षर माझं. चौकशीत खोटं सांगितलं ते मी. ...लिहा की, कामून थांबलात? पेन्शनचं मी बघतो. पेन्शनला काय, तीही माझ्यासारखीच, ओळख न्हाई म्हणेल. आणा इकडं, सही करतो. उर्दूत केली तर चालेल? हेच अक्षर आहे बघा. यादीतलं. वाचून दाखवू नका. घडी घाला.

आणि हावगेप्पा साहेब, वाटेत तो भेटला तर तुम्हीच त्याला — न्हाई. न्हाई, तुम्ही कामून सांगाल. मीच सांगायला पाहिजे. आजच सांगतो. तुमच्यासमोरच सांगतो, थांबा, असरची वेळ झालीच, बादलीचा आवाज यायलाय, तोच आहे. ठेवा तो कागद असा वर. त्याला दिसू द्या. ऐका आता —

वालेकुम सलाम, ये बाबा लाडले, ये. हे? हे कुणी न्हाई. बिदरकडचे पाहुणे, मडिवाळप्पांचं दुकान विचारायलेत, चुकून इकडं आले.

कागद खिशात घाला साहेब. दुकान त्या तिकडं. निघा तुम्ही, आमची नमाज जायलीय.