कार्डावर न लिहिलेलं नाव

माननीय अध्यक्ष चिदंबरराव, व्यासपीठावरचे सत्कारमूर्ती गुंडेराव, समाजातली वडीलधारी मंडळी आणि माता-भगिनींनो,

इथं उभं राहिलो की मला बाकावरचा ठेका ऐकू येतो. पस्तीस वर्षांपूर्वी याच सभागृहात, रविवारी सकाळी, मी आपल्या मुलांना मराठी कविता शिकवायचो. वसंता नावाची एक मुलगी बाकावर बोटांनी ताल धरून म्हणायची. बाहेर लष्कर मोहल्ल्यातली शिलाईची यंत्रंसुद्धा तिच्याच तालात चालतायत, असं मला वाटायचं. मी जरा स्वप्नाळू माणूस, आपण जाणताच.

ती वसंता पुढं गुंडेरावांची पत्नी झाली. गुंडेरावांबद्दल मघापासून बरंच गोड बोलणं झालं. त्यांच्या हातचा कोट, त्यांची शिस्त, मंडळासाठी घालवलेली पंचवीस वर्षं. सगळं खरं. आता शिलाईचं दुकान बंद करून ते धारवाडला भावाकडं निघालेत. का, हे मात्र कुणी बोललं नाही. डोळे दमले म्हणे. दमतील हो डोळे, पण काय काय बघून?

अकरा वर्षांपूर्वी पंपाचा स्टोव्ह भडकला आणि वसंता भाजली. चेहऱ्याची एक बाजू, मान, दोन्ही हात. जखमा वर्षभरात भरल्या. मग आपण सुरू झालो. स्टोव्हच भडकला ना, की तिनंच काही करून घेतलं? की यांनीच? माप देता देता गिऱ्हाईक गुंडेरावांना विचारायचं. त्यांची मुलगी शाळेत सांगायची, आई गावाला असते. त्या पोरीला हे कुणी शिकवलं? एकदा वसंता म्हणाली, उकडतंय, बाह्या आखूड शिवा. जन्मभर लोकांना हवं तसं शिवून देणाऱ्या या माणसानं बायकोच्या बाह्या मनगटापर्यंत शिवल्या. गुंडेराव, मान खाली घालू नका. ती आम्ही घालायला पाहिजे.

आपल्या बायका घरोघरी कुंकू-अक्षता घेऊन बोलावणं करतात. ते बोलावणं तिच्या दारावरून पुढं जायला लागलं. 'अय्यो, कशाला? तिलाच अवघडल्यासारखं होईल, बिचारीला.' केवढा हा दयाळूपणा! तिला विचारलं का कुणी? आणि मंडळाची आमंत्रणाची कार्डं तर मी लिहितो, माझं अक्षर चांगलं म्हणून. प्रत्येक घरी 'सौ. व श्री.', या एका घरी नुसतं 'श्री.' अकरा वर्षं. कमिटीनं सांगितलं, मी लिहिलं. आजचंसुद्धा.

काल ते कार्ड द्यायला मीच गेलो. दार वसंतानं उघडलं. एकमेकांना चिकटलेल्या बोटांत कार्ड धरून तिनं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "सर, अक्षर अजून तस्संच आहे हो तुमचं. माझंच नाव तेवढं लिहायला जमेनासं झालंय."

मग म्हणाली, बसा, कॉफी करते. आणि मी, काय सांगू, 'तसदी नको' म्हणून जिना उतरलो. खाली आल्यावर उमगलं, या घरातून अकरा वर्षं सगळे हेच म्हणून उतरले असणार. तेव्हापासून जीव संतापलाय. आधी माझ्यावर, मग तुम्हा सगळ्यांवर. या कार्यक्रमाला निरोप म्हणू नका. आपण या कुटुंबाला गावातून घालवतोय, आणि वर शाल पांघरवतोय.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. पुन्हा करतील असं वाटत नाही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. पण त्या कार्डाची माफी मला तुम्ही देऊ शकत नाही. ती मागायला उद्या सकाळी मी...

दाराशी कोण आहे? मागच्यांनो, जरा बाजूला व्हा.

वसंता?

गुंडेराव, तुम्ही बसा. वसंता बाळ, तू तिथंच थांब, उंबऱ्याबाहेर. अशी आपणहून आत येऊ नकोस. तुझं बोलावणं करायचं राहिलंय. मी खाली येतोय.