गेट मीच बनवलं होतं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधे. आठवीत शाळा सुटली, सांभाळून घ्या.

मी चाकणला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो. वडिलांनी कंपनीतून निवृत्त झाल्यावर कुरुळीत घरासाठी दोन गुंठे घेतले. परवा रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो, तर आपल्या प्लॉटला पत्र्याचं कुंपण आणि कुलूप लावलेलं गेट! जवळ जाऊन गेटचे जोड बघितले राव. ते मीच बनवलं होतं. टेम्पोत चढवूनही मीच दिलं होतं, कुठं चाललंय ते न विचारता.

आतून एक जण आला. म्हणाला, "ताबा आमचा आहे. काय करायचं ते करा."

चौकीत वडिलांनी सातबारा पुढे केला. हवालदार म्हणाले, "काका, कागद तुमचा, पण ताबा त्याचा. दिवाणी मामला आहे, कोर्टात जा."

"मग मी गेट कापतो," मी म्हणालो. "मीच जोडलंय."

"कापलंस तर गुन्हा तुझ्यावर, भावा."

म्हणजे बघा, चोराला एक कुलूप पुरतं आणि मालकाला वकील, मोजणी, तारखा!

बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "गेट मात्र मजबूत केलंस रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील वकिलाकडे गेले, मी कामावर. एक गिऱ्हाईक गेटचं माप घेऊन आलं. गिऱ्हाइकाशी शेठ बोलतात, मी कधीच नाही. त्या दिवशी मी वेल्डिंगचा चष्मा काढला, उठलो आणि म्हणालो, "आधी सातबारा दाखवा."