शंभरात सात

(सन २००८, दुपार. सिंदी मेघेतलं घर. हायड्रोजनवर चालणाऱ्या ऑटोचा ड्रायव्हर गुलाब खाटेवर. त्याची बायको सुलोचना दाराशी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला हेमराज हातात कागद घेऊन आलेला.)

सुलोचना: तिकडून नका बसू, हेमराजभाऊ. त्या कानानं त्याइले काईच आयकू येत नाई. डाव्या बाजूनं बसा अन् मोठ्यानं बोला.

हेमराज: गुलाब, बरा हाय ना तू?

गुलाब: हेमराज व्हय काय? उजेडाकडून आला, म्हणून वळखू नाई आला. एकाच डोळ्याचा कारभार हाय आता. बस ना बापा. चार महिन्यानं सवड झाली तुले.

हेमराज: यायचंच होतं. लॅबमध्ये...

सुलोचना: मोठ्यानं.

हेमराज: लॅबमध्ये काम निघत गेलं म्हणतो.

गुलाब: असन. मले तुह्यापाशी एक बोलायचंच होतं. हिले किती डाव म्हटलं, हेमराजले निरोप धाड. हे धाडतच नाई.

सुलोचना: ज्याले यायचं राह्यते त्याले निरोप लागत नाई.

गुलाब: तुही माफी मागायची होती.

हेमराज: माही? काऊन?

गुलाब: तुवा टेस्ट पास करून देल्ली होती. गॅस साफ होता. मीच वॉल जोरात फिरवला असन. हा ऑटो बनवणाऱ्या वानकर सरांनी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, गुलाब, हा पेट्रोलचा ऑटो नाई, सिलिंडर भरताना वॉल मुंगीच्या चालीनं उघडायचा. वर्षभर तसाच उघडला मी. त्या दिवशी दिल्लीचे पाव्हणे गेटवर येऊन ठेपले होते, घाई केली असन. लय आठवून पायतो. भडका आठवते, वॉल आठवत नाई. तुही मेहनत, सरांचा ऑटो, साऱ्याची माती केली.

सुलोचना: रोज हेच चालू हाय, भाऊ. जेवता जेवता ताटात हात थांबते अन् उरलेली तीन बोटं अशी हळूहळू फिरवते. काय करून राह्यले म्हटलं, तर वॉल उघडून राह्यलो म्हणते.

हेमराज: वयनी, मी एक कागद आणला होता.

सुलोचना: दिसते तो. मघापासून घडी घालून राह्यले अन् उकलून राह्यले. कशाचा हाय?

हेमराज: उद्या कॉलेजात चौकशी कमिटी बसणार हाय. वानकर सर म्हणाले, गुलाबची सही घेऊन ये. तुमचा एका डब्यातला घास हाय, तूच जाय म्हणे.

सुलोचना: द्या इकडं. 'सिलिंडर भरतेवेळी मी बिडी पेटविली होती व वॉल निष्काळजीपणे उघडला. गॅसची शुद्धता त्या सकाळी तपासून योग्य आढळली होती.' बिडी?

हेमराज: ते सरांनी टाकलं. मी नाई.

सुलोचना: याइनं जन्मात बिडीले हात नाई लावला. तुमीच सांगत होते साऱ्याइले, गुलाब ऑटोत सवारीले तंबाखूचा खर्राही खाऊ देत नाई म्हणून.

गुलाब: काय लिवलं हाय? मलेही सांगा.

सुलोचना: तुमी बिडी पेटवली म्हणते.

गुलाब: काय पेटवली?

सुलोचना: बिडी. बिडी.

गुलाब: बिडी नाई. ते काटा. वॉलचं लिवलं असन तर राहू द्या, तेवढ्यावर सही करतो मी. पेन आण. त्याले खाली हात नको धाडू, नोकरीवाला माणूस हाय.

सुलोचना: थांबा जरा. एकदा सही केली का जन्मभर तुमीच चुकलेले राहसान. रुचिका नववीत हाय, तिले शाळेत म्हणतीन, तुह्या बापानं कॉलेज उडवलं. हेमराजभाऊ, एक इचारू? तुमी माह्याकडं पाहून काऊन नाई बोलून राह्यले?

हेमराज: पाहूनच तर बोलतो.

सुलोचना: अकरा वर्षं झाले मले सावंगीच्या दवाखान्यात, वार्डात कामाले. रिपोर्ट खराब निघाला का सांगणारा असाच भिंतीकडं पायते. त्या सकाळचा रिपोर्ट काय होता?

हेमराज: पास लिहिला होता.

सुलोचना: लिवला होता ते कळलं. होता काय?

हेमराज: वयनी, हळू बोला.

सुलोचना: हळूच बोलून राह्यली. या घरात चार महिन्यांत कोणी हळू बोललं नाई. आज पहिल्यांदा बोलून राह्यली मी.

हेमराज: सांगतो. आपण गॅस पाण्यातून काढतो. पाण्यात करंट सोडला का एकीकडून हायड्रोजन निघते, दुसरीकडून ऑक्सिजन. मधात पडदा राह्यते. तो फाटला का दोन्ही मिसळते, अन् असा मिसळलेला गॅस दाबून भरणं म्हंजे बारूद भरणं. म्हणून मी रोज सकाळी शंभर मापं गॅस काचेच्या नळीत घेतो अन् एका दवाईतून फिरवतो. दवाई त्यातला ऑक्सिजन पिऊन टाकते, काळी पडते. जेवढा गॅस कमी भरला तेवढी भेसळ. एका मापाच्या आत असन तर पास. दोन झाले का मशीन बंद करायची.

सुलोचना: अन् त्या दिवशी?

हेमराज: सात.

सुलोचना: सात.

हेमराज: मले वाटलं माहीच काही चूक झाली. दवाई नवी बनवली, पुन्हा घेतलं. सातच. तसाच सरांकडं गेलतो. ते म्हणे, नवा पडदा पुण्याहून यायले दहा दिवस लागते, पाव्हणे आज येऊन राह्यले. गेटपासून ऑफिसपर्यंत एक चक्कर, फोटो, खतम. आजच्या दिवस एकाच्या खाली लिही. मी म्हटलं, सर, हे बरोबर नाई. त्याइनं वाद नाई घातला. माही फाईल काढून टेबलावर ठेवली फक्त. चौदा वर्षं टेम्पररी होतो मी, वयनी. परमनंटची ऑर्डर सहीसाठी थांबलेली होती.

सुलोचना: झाली सही?

हेमराज: त्याच महिन्यात झाली.

सुलोचना: पेढे आणले असतीन.

हेमराज: घरवालीनं आणले होते. डब्यात पडून राह्यले.

गुलाब: काय बोलून राह्यले तुमी दोघं? मले तोंडं हलताना दिसते नुसती.

सुलोचना: सांगा त्याइले.

हेमराज: तुमी सांगा ना. तुमचं बोलणं त्याले समजते.

सुलोचना: त्या दिवशी त्याइनं मले नव्हतं इचारलं.

हेमराज: गुलाब, त्या दिवशी टेस्ट पास नव्हती.

गुलाब: काय नव्हती?

हेमराज: टेस्ट. पास नव्हती.

गुलाब: मोठ्यानं बोल ना बापा. कोणाले भेऊन राह्यला?

हेमराज: गॅस खराब होता. सात आले होते, सात. मले मालूम होतं अन् मी तुले पास म्हटलं.

सुलोचना: आयकलं त्याइनं. समोरच्या मनकर्णाबाईनंही आयकलं. सूप खाली ठेवून उभी राह्यली ओट्यावर.

गुलाब: सात? तू तर दोनावर मशीन बंद करत होता. दिवाळीच्या आधी केलती, मी तीन दिवस झाडाखाली बसून काढले होते.

हेमराज: हो.

गुलाब: मंग वॉल?

हेमराज: वॉल कसाही उघडला असता तरी हे होणारच होतं. तुहा काही संबंध नव्हता.

गुलाब: मी इचारलं होतं तुले. रोज इचारत होतो, त्या दिवशीही इचारलं. गॅस पास हाय का म्हटलं. तू नळी धुऊन राह्यला होता. मान वर नाई केली. पास हाय म्हणला.

हेमराज: हो.

गुलाब: दुसरं कोणी असतं तर मी कागद पाह्यला असता.

हेमराज: मले वाटलं, एकच तर चक्कर हाय. एवढ्यात काई नाई होत.

गुलाब: तू बसला असता त्या चकरेत?

हेमराज: नाई.

गुलाब: बरं झालं, खरं बोलला.

सुलोचना: उद्या कमिटीपुढं सांगसान हे?

हेमराज: माही नोकरी जाईन, वयनी. सुरभी तिथंच शिकून राह्यली. स्टाफची पोरगी म्हणून घेतली तिले. तिचं शेवटचं वर्ष...

सुलोचना: मी हे नाई इचारलं.

हेमराज: उद्याचं उद्या पायतो.

सुलोचना: उद्या समोर वानकर सर बसले असतीन. तुमी तिथं भिंत शोधसान. आताच लिवा. याच कागदाच्या पाठीमागं.

हेमराज: यावर?

सुलोचना: यावरच. पेन त्याइच्या सहीसाठी आणलाच हाय ना तुमी.

हेमराज: काय लिहू?

सुलोचना: जे आता मोठ्यानं बोलले ते. दोनदा मोजलं, दोनदा सात आले, कोणाले जाऊन सांगतलं, अन् त्याइनं काय लिवायले लावलं. बिडीचंही लिवा. अक्षर नीट काढा, घाईत नको.

हेमराज: तारीख त्या दिवशीची टाकू?

सुलोचना: आजची. चार महिने चूप होते तेही दिसू द्या.

हेमराज: हे घ्या. सही केली.

सुलोचना: माह्यापाशी राहू द्या. उद्या मी घेऊन येते. तुमी आले तर आले, कागद येईनच.

हेमराज: गुलाब, तू काही म्हण ना. शिव्या दे मले.

गुलाब: शिव्या चार महिने माह्या हाताले देल्ल्या. लय देल्ल्या. आता तुह्यासाठी नव्या कुठून आणू? जाय तू.

सुलोचना: मागच्या दारानं निघा, भाऊ. समोर पाच-सहा जण जमले हायेत.

हेमराज: नाई, वयनी. समोरूनच जातो. अन् उद्या अकरा वाजता येतो मी, कमिटीत.

गुलाब: काय म्हणला तो?

सुलोचना: जातो म्हणे.