ओलं गोणपाट आणि पत्र्यावरच्या बाटल्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय आबासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या आरोग्यसेविका पुष्पावती सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी कारभारी, पाथर्डीकडचा ऊसतोड मुकादम. माईक हातात आला की मला आवरत नाही, म्हणून अध्यक्षांनी तीनच मिनिटं दिलीत. त्यांचं बरोबर हाय.

चार वर्षांपूर्वी आमची टोळी श्रीरामपूरच्या या शिवारात उतरली. प्यायला पाटाचं पाणी, त्यामुळं लेकरांना जुलाब. माझी नात पूजा तेव्हा तीन वर्षांची, तिला दोनदा सलाईन लागलं. जीव टांगणीला लागला होता आमचा. सिस्टरनी मला बोलावून समजावलं: पाणी निवळून गाळा, लेबल काढलेल्या पारदर्शक बाटलीत भरा, पत्र्यावर सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा, जंतू मरतात. आभाळ असलं तर दोन दिवस ठेवा. आता सांगा, उन्हानं शुद्ध होत असेल, तर ऊसतोड्याइतका शुद्ध माणूस जगात कोण? लई हसलो आम्ही. पण टोळीला सांगितलं, आणि बाटल्या मांडल्या.

आठ दिवसांत बाकीची पोरं खेळायला लागली. माझी पूजा मात्र पुन्हा आजारी. माझं डोकंच फिरलं. सगळ्या टोळीसमोर सिस्टरना नको नको ते बोललो, बाटल्या फेकून द्या म्हणालो.

सिस्टर सरळ माझ्या पत्र्याकडं गेल्या. बाटल्यांवर मी ओलं गोणपाट टाकलेलं. पाणी गार राहावं म्हणून! आमच्यात कुणाला गरम पाणी प्यायला देतात व्हय? सिस्टरनी गोणपाट काढलं आणि टोळीला म्हणाल्या, “चूक माझी. झाकू नका, हे मुकादमांना सांगायचं राहिलं.” मग मला म्हणाल्या, ऊन खाऊन झाल्यावर खुशाल गार करा.

तीच पूजा यंदा दुसरीत हाय. ती बघा, पहिल्या रांगेत, एका जागी बसवत न्हाई तिला.

आयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. पण एक माफी राहिलीय, आणि माझी टोळी इथंच बसलीय. गड्यांनो, सिस्टर काही विसरल्या नव्हत्या. झाकू नका, असं मला दोनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई. तुमच्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी चूक स्वतःवर घेतली, आणि मी चार वर्षं गप्प बसलो.

सिस्टर, मला माफ करा.

आता टाळ्या वाजवा, त्यांच्यासाठी.